सोबत कोण आहे?

अकोल्याच्या फलाटावर बाबा मला पोहोचवायला आले नव्हते, कोणाच्या तरी हवाली करायला आले होते. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, बँकेत अधिकारी, पर्समध्ये कोलकात्याच्या बदलीचं पत्र. आणि हे गृहस्थ डब्यात शिरून एकेका बर्थपाशी थांबून विचारत होते, "कुठपर्यंत?" कोणी रायपूर म्हणालं, कोणी टाटानगर. बाबा मान हलवून पुढे. शेवटी हावड्याला उतरणाऱ्या एक बंगाली बाई सापडल्या, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "हमारी लड़की है. पहली बार उधर जा रही है. जरा ध्यान रखना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी हलली तेव्हा मी हातही नीट हलवला नाही.

आमच्या घरात सोबतीशिवाय कोणी गाडीत बसत नसे. सोबत ओळखीची लागते असं नाही. डब्यातलं कोणीही चालतं, फक्त आपण कुठे उतरणार हे त्याला ठाऊक हवं. बाबा शाळामास्तर. आयुष्यभर सहलीला पोरं मोजून नेली आणि मोजून परत आणली. आई माहेरी निघाली तरी ते खिडकीशी उभे राहून समोरच्या बाईला सांगत, "यांना बडनेऱ्याला उतरायचंय, डोळा लागला तर हाक मारा."

त्या बंगाली बाईंनी मला वाटेत मुरमुरे खाऊ घातले. हावड्याला टॅक्सीत बसवलं आणि टॅक्सीचा नंबर आपल्या तिकिटामागे लिहून घेतला. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. बांगला बोलते, बाजारात वांगी-परवर 'बेगुन-पटोल' म्हणत घासाघीस करून घेते, चहाला 'चा' म्हणते. मराठी उरली ती रविवारच्या फोनपुरती. इथली आपली मराठी मंडळी बदलीवाली. फोर्ट विल्यममधल्या एका फौजी कुटुंबाशी जरा कुठे मेतकूट जमलं, तोच त्यांचं सामान ट्रंकांत भरून झालं. मी तेवढी राहिले. बदलीच्या अर्जात कारण लिहावं लागतं: नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, सासूचं आजारपण. 'एकटं वाटतं' हे त्या रकान्यात बसत नाही. तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हे पटायचं नाही, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सांगायला नको.

आई गेली त्यानंतर बाबा थोडे विसरू लागले. चष्मा, दुधाची पिशवी, मग गल्ली. गेल्या जानेवारीत धाकटा भाऊ सुधीर म्हणाला, "ताई, महिनाभर तुझ्याकडे ने, त्यांना बदल होईल." मी खालचा बर्थ बघून तिकीट काढलं. आदल्या दिवशी फोनवर बाबांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मोबाइल आहे ना, बाबा! तुम्ही कुठे आहात ते मला इथे बसून दिसतं. आता ते कुठपर्यंत-बिठपर्यंत काही विचारत बसू नका."

ते "बरं" म्हणाले. हे माझं वाक्य मी विसरू शकत नाही.

गाडी निघाल्यापासून, रात्री घरी आणि सकाळी ऑफिसात, मी फोनवरचा निळा ठिपका बघत होते. बिलासपूर, राउरकेला, टाटानगर. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटत होतं. ठिपका खरगपूर सोडून निघाला तशी मीही निघाले. दुपारी गाडी हावड्याला लागली आणि ठिपका बरोबर माझ्या पुढ्यात येऊन थांबला. बाबा उतरले नाहीत. मी डब्यात चढले. बर्थखाली त्यांची बॅग होती. चार्जिंगला लावलेला मोबाइल होता. बाबा नव्हते.

समोरच्या बर्थवरचं जोडपं सामान काढत होतं. "वो अंकल? वो तो खड़गपुर में उतर गए. हमें लगा, उनका स्टेशन आ गया."

त्यांना बोल कसा लावू? बाबांना कुठे उतरायचंय हे त्या डब्यात कोणालाच माहीत नव्हतं. ते मीच तसं करून ठेवलं होतं.

फलाटावरच्या मदत कक्षात रेल्वे पोलिसांतली एक बाई बसली होती. तिने खरगपूरला निरोप दिला आणि वर्णन विचारलं. "क्या पहने थे?" मला माहीत नव्हतं. "नया फोटो?" माझ्याकडे होता तो दोन दिवाळ्यांपूर्वीचा. कर्ज मागायला आलेल्या परक्या माणसाची कुंडली मी पाच मिनिटांत मांडते, आणि माझ्या बापाच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा आहे हे मला सांगता येईना. सुधीरला फोन लावला. "तू पाठवलेला तपकिरी स्वेटर घातलाय, ताई. काढायलाच तयार नव्हते." तिथे, त्या लोखंडी खुर्चीवर, मी ढसाढसा रडले. बाईने पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि फोन कानाला लावून बसली.

पाऊण तासाने माझाच मोबाइल वाजला. खरगपूरची महिला शिपाई होती. एक म्हातारे गृहस्थ उभ्या गाडीच्या खिडकीखिडकीशी जाऊन "कुठपर्यंत? कुठपर्यंत?" विचारत होते, म्हणून तिने त्यांना हाताला धरून आणून बसवलं होतं. "चाय पी रहे हैं, चिंता मत कीजिए. जेब में चिट्ठी थी, उसमें आपका नंबर मिला. लेकिन मैडम," ती म्हणाली, "चिट्ठी में तो लिखा है कि ध्यान आपका रखना है."

लोकलने खरगपूर गाठलं तेव्हा बाबा बाकावर बसून त्या शिपाई बाईला आईच्या बडनेऱ्याच्या प्रवासाची गोष्ट सांगत होते. ते गाडीतून का उतरले तेही कळलं: डब्यातली एक म्हातारी खरगपूरला एकटीच उतरत होती, हातात दोन बोजे. तिला घ्यायला येणारा मुलगा फलाटावर दिसेना, म्हणून बाबा तिला सोबत म्हणून उतरले, थेट स्टेशनच्या फाटकापर्यंत पोहोचवून आले. तेवढ्यात गाडी गेली.

चिठ्ठी मी वाचली. वहीचा कागद, मास्तरांचं वळणदार अक्षर, हिंदीत: 'मेरी बेटी नीला कोलकाता में अकेली रहती है. कृपया ज़रा ध्यान रखिए.' खाली माझा पत्ता आणि नंबर. मी ग्राहकांना रोज बजावते, अनोळखी माणसाला नंबर देऊ नका!

"बाबा, अशा किती लिहिल्यात?"

"दोनच. एक त्या आजींना दिली."

रागवायला तोंड उघडलं आणि चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझा बाप हरवला म्हणून मी हावडा डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याच्या लेखी हरवायच्या बेतात होते ती मी.

होळीनंतर सुधीर येऊन त्यांना घेऊन गेला. आता रविवारी फोन केला की कधी ओळखतात, कधी नाही.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कापणारा, म्हातारा आवाज. "तुमि की नीला? तोमार बाबा चिठि दियेछिलेन." खरगपूरच्या त्या आजी होत्या; बाबांनी दिलेली चिठ्ठी चष्म्याच्या घरात राहिली होती, ती त्यांना आता सापडली होती. मग विचारलं, "एका थाको?" एकटी राहतेस? अकरा वर्षं या प्रश्नाला मी 'छे, मजेत आहे' म्हणत आले. त्या दिवशी म्हणाले, "हो, मासिमा. एकटीच." 'मासिमा' म्हणजे मावशी, तेवढं सोडलं तर मराठीतच निघालं तोंडातून. त्यांना कळलं. "रोबिबार एशो. भात खाबे." रविवारी ये, जेवायला.

रविवारी सकाळी हावड्याहून खरगपूरच्या लोकलमध्ये बसले. माझं घर अकोला की बालीगंज, याचा निकाल अजून लागलेला नाही. पण मी कुठे उतरणार हे ठाऊक असलेलं कोणी असलं, तर तेवढ्या वाटेपुरतं तरी बेघर वाटत नाही. शेजारच्या बाईंना मी विचारलं, "कोथाय नामबेन?" कुठे उतरणार? त्याही खरगपूरलाच उतरणार होत्या. मग बाबांना फोन लावला.

"कोण?"

"नीला, बाबा. गाडीत बसलेय."

 मास्तरांचा जुना, खणखणीत आवाज आला, "सोबत कोण आहे?"

"आहे, बाबा," मी म्हणाले. "खरगपूरपर्यंत आहे."