ध्वनिमुद्रणाबरहुकूम

सव्वीस वर्षं स्टेनोबाईंचं काम एकच. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचं सार सांगायचे आणि बाई ते टाइप करायच्या. माणूस अर्धा तास जीव तोडून सांगे. कागदावर उतरत चार ओळी. बाईंनी कधी हूं की चूं केलं नाही, आणि आता त्यांना त्याचीच लाज वाटायची.

मग कोर्टात माइक आले. शब्दन्‌शब्द मुद्रित होणार, तीच अधिकृत नोंद, लेखी प्रतीखाली बाईंची सही: 'ध्वनिमुद्रणाबरहुकूम'. पण जित्याची खोड! साहेब सार सांगतच राहिले, आणि हेडक्लार्क त्या सारावरच सही मागू लागले. मुद्रण ऐकत बसायला वेळ कोणाला?

बाईंनी ऐकलं. कारखान्याच्या आगीत नवरा गेलेल्या एका कामगार बाईची साक्ष होती. ती तीनदा म्हणाली होती, "दार बाहेरून बंद होतं." कागदावर होतं, 'दार उघडले नाही.' तेवढ्यावर मालक सहीसलामत सुटला असता.

"यावर मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क हसले. "अहो, ते यंत्र तुमच्याच मुळावर आलंय. वर्षभरात खुर्ची जाईल तुमची, आणि तुम्ही त्याचीच वकिली करताय?"

"जाऊ दे खुर्ची. जाईपर्यंत तरी खरं लिहीन."

घरी नवरा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"इतकी वर्षं पाण्यातच आहे. किती जण बुडाले ते बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी तोच कागद भलत्याच कोणाच्या सहीने कोर्टात आला. मालकाचा वकील तो मोठ्याने वाचू लागला आणि बाई उठल्या.

"साहेब, त्या असं बोलल्या नाहीत. मुद्रण लावा."

"खाली बसा. नोटीस निघेल तुम्हाला."

"निघू दे. माझं हे बोलणंही आता मुद्रित झालंय, साहेब. पुसायचं असेल तर लेखी हुकूम द्या."

साहेबांनी माइककडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, पण मान हलली. मुद्रण लागलं आणि त्या बाईचा आवाज खोलीभर झाला, "दार बाहेरून बंद होतं. आत माझा माणूस होता."

सवयीने साहेबांनी घसा खाकरला. "हं, लिहा. साक्षीदाराचं म्हणणं असं की..."

"सार नको, साहेब," बाई म्हणाल्या. बोटं आधीच चालू झाली होती. "मला त्यांचं ऐकू येतंय."