काळविटांच्या घोंगड्या कोणी काढल्या

मुख्याधिकारी मॅडमच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि मी त्यातल्या एका बारीक काळ्या रेषेवर बोट ठेवून उभा होतो.

"ही जाळी कसली?" मी विचारलं.

"सर, तीच तर खासियत आहे," आर्किटेक्ट म्हणाला. पुण्याहून आलेला, तिशीतला, हुशार माणूस. "बारीक वायर, काळं कोटिंग. जरा लांबून दिसतच नाही. लोकांना वाटेल, काळवीट मोकळ्या माळावरच उभं आहे."

"काळविटालाही तसंच वाटेल."

मॅडम हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मी जनावरांचा डॉक्टर. बीड जिल्ह्यातल्या एका शहराच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात बावीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. शहराचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, गावाची नव्हती. आता तिथे विस्तार होतो आहे. आधी दुसऱ्या जिल्ह्यातून दहा काळविटं, मग तरसाची जोडी, आणि जागा मिळाली तर लांडगे. वाघ-सिंहाच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या शिवारातलं जनावर लोकांना नीट दाखवू, असं मॅडमचं म्हणणं. मला ते पटलं. सल्ला द्यायला बोलावलं तेव्हा लगेच गेलो.

"मग करायचं काय?" मॅडमनी विचारलं.

काळवीट माळावरचं जनावर. घाबरलं की आधी पळतं, मग बघतं. जाळी ही वस्तू त्याला माहीतच नसते. म्हणून जाळी आधी ठळक हवी, आणि नवा कळप आला की ती झाकून ठेवावी लागते. झाकलेली भिंत त्याला दिसते. मग ते झाकण वरून थोडं थोडं खाली उतरवायचं, एका वेळी एक वीत. मी हे सगळं सांगितलं.

"हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे, सर?" आर्किटेक्टने वही उघडली.

"मॅन्युअलचं माहीत नाही. मला महादूने शिकवलं."

"महादू कोण?"

उत्तर मॅडमनी दिलं. नव्या काळविटांसाठी अनुभवी कीपर हवा होता आणि आलेल्या अर्जांची फाइल त्यांच्या हाताशी होती. "महादेव? तुमच्या वेळी इथेच होता ना? अर्ज आलाय त्याचा. पण तो बाद होणार. जुना शेरा आहे. हलगर्जीपणामुळे तीन काळविटांचा मृत्यू."

मी खुर्चीत बसलो.

"मॅडम, मला दोन दिवस द्या. तोवर तो अर्ज बाद करू नका."

त्या शेऱ्यामागे काय घडलं होतं ते आता लिहितो.

महादू कडा गावाकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आमच्याकडे रोजंदारीवर कीपर होता, म्हणजे जनावरांचं खाणंपिणं, साफसफाई आणि राखण बघणारा. कायम व्हायच्या यादीत त्याचं नाव वर होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं असताना आमच्याकडे सहा काळविटं आली. ती यायच्या आधीच महादूने घरून जुन्या घोंगड्या आणल्या, कमी पडल्या तिथे पोती उसवून जोडली, आणि सगळी जाळी पुरुषभर उंच झाकून टाकली.

"जनावर बुजलं की त्याला डोळे ऱ्हात न्हाईत, सायेब," तो म्हणाला. "घोंगडी तेवढी दिसती. मेंढराच्या वाड्याला आमी असंच करतो."

बुजणं म्हणजे नुसतं घाबरणं नव्हे. घाबरून भान सुटणं. पुस्तकात त्याला बरीच लांब नावं आहेत, पण एवढं नेमकं एकही नाही.

दर पाच दिवसांनी तो घोंगड्या एक वीत खाली घ्यायचा. पंधरा दिवसांत त्या छातीपर्यंत आल्या होत्या. कळप शांत चरत होता. तेवढ्यात उद्घाटनाची तारीख ठरली. मोठे पाहुणे यायचे होते.

"महादू, उद्या सकाळी ह्या काढून टाक."

"न्हाई सायेब. आजून महिना तरी पायजे."

"पाहुणे काय घोंगड्या बघायला येणार आहेत?"

"मंग पावन्यास्नीच महिन्यानं बोलवा की."

भोवतीचे लोक हसले. मला ते लागलं. एका रोजंदारी माणसाने चारचौघांत डॉक्टरला शिकवावं! दुसऱ्या दिवशी सकाळी महादू दुसरीकडे वैरण टाकायला गेला आणि मी दोन माळ्यांकडून सगळ्या घोंगड्या उतरवून घेतल्या. स्वतः समोर उभं राहून.

अर्ध्या तासात फाटकावर स्वागताची हलगी वाजली. कळप उधळला. एक मादी सरळ जाळीवर गेली आणि मान मोडून जागेवर मेली. आणखी दोन जनावरं पुढच्या दोन दिवसांत गेली, अंगावर मोठी जखम नसताना. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. जिवाच्या भीतीने पळताना स्नायू आतून तुटत जातात आणि मग मूत्रपिंडं बंद पडतात. एकदा ते सुरू झालं की डॉक्टरच्या हातात फार काही राहत नाही.

अहवाल मी लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'कुंपणावरील आवरण मुदतीपूर्वी काढण्यात आल्याने प्राणी जाळीवर आदळले. घटनेच्या वेळी कीपर महादेव कर्तव्यावर होता.'

दोन्ही वाक्यं खरी होती. ऑफिसच्या मराठीत 'काढण्यात आले' लिहिलं की कोणी काढले ते लिहावं लागत नाही. आणि पुढच्याच वाक्यात एखादं नाव ठेवलं की वाचणारा ते स्वतःच जोडून घेतो. हे मला लिहिताना कळत होतं. कळत होतं म्हणूनच तसं लिहिलं.

चौकशीत महादू एवढंच म्हणाला, "डाक्टरांना इचारा."

मला विचारलं. मी म्हणालो, "अहवालात सगळं आहे."

महादूला काढलं. कायम व्हायच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

मॅडमकडून दोन दिवस मागून घेतले त्याच रात्री मी निवेदन लिहिलं आणि सकाळच्या एसटीने कड्याला उतरलो. तिथून जीपने पुढे. महादू मेंढरांच्या वाड्यापाशी उभा होता. केस पांढरे झाले होते.

"कावून आलात?" त्याने विचारलं. पूर्वी सायेब म्हणायचा.

"अर्ज केलास ना संग्रहालयात?"

"केलता. झाला का बाद?"

"अजून नाही. घोंगड्या मी काढायला लावल्या, असं मी लिहून देतोय."

वाड्याच्या आतून त्याची बायको सुभद्रा बोलली. "लई लवकर आठवलं की वो, डाक्टर! आता तुमाला कुणी काय करत न्हाई, म्हणून व्हय?"

तिने नेमकं ओळखलं होतं. घटनेला चार वर्षं उलटली की निवृत्त माणसावर नवी खातेनिहाय चौकशी लागत नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. मी ती वर्षं मोजून काढली, आणि नंतरचीही तशीच जाऊ दिली.

"हो," मी म्हणालो.

सुभद्राला बहुतेक 'नाही' अपेक्षित होतं.

"वाचा तो कागद," महादू म्हणाला. "मागला कुणी वाचून दावला न्हवता."

मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. त्याने मला तिसऱ्या ओळीवर थांबवलं.

"सशांकडं न्हाई, मी नीलगाईंकडं गेलतो. ससं काळविटांच्या शेजारीच हुतं. तिथं आसतो तर मला दिसलं नसतं का? एक घोंगडी काढू दिली नसती तुमाला."

मी खोडून 'नीलगाई' केलं. पुढे वाचलं. त्याने परत थांबवलं.

"तीन न्हाई. चार."

"तीनच मेली होती, महादू."

"मान मोडली ती गाभण हुती. मला तिची चाल बघून ठावं हुतं. तुमी तर फाडून बघितली."

शवविच्छेदन मीच केलं होतं. पोटातलं पिलू पूर्ण वाढीचं होतं. अहवालात मी ती ओळ घातली नव्हती, आणि आता सगळं खरं लिहायला बसलो तेव्हाही घातली नव्हती. तिथेच खाली बसलो आणि कागद गुडघ्यावर ठेवून ती ओळ लिहिली.

"आता बरूबर हाय," महादू म्हणाला. "चा घेणार का?"

घेतला. चहावर तो एवढंच बोलला. "मला नोकरी मिळंल न मिळंल, ते वायलं. पन जनावर माज्या हातनं मेलं, हे पुसा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निवेदन दोनदा वाचलं. त्या दोन माळ्यांपैकी एकजण अजून कामावर होता. त्याला बोलावलं.

"व्हय मॅडम," तो म्हणाला, "डाक्टर सायबांनीच काढाया लावल्या. आमी म्हनलं, महादूला इचारावं का? तर म्हनले, तू आपली झाडं बघ."

आर्किटेक्टने मान खाली घातली. हसू लपवत असावा. मला राग आला नाही.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "यानंतर तुम्हाला सल्लागार म्हणून ठेवता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. पण नकाशातली जाळी बदला. ती बारीक वायर चालणार नाही."

"ते टिपून घेतलंय," आर्किटेक्ट म्हणाला.

महादूवरचा शेरा लेखी आदेशाने रद्द झाला. त्या आदेशात माझं नाव स्पष्ट आहे. महादू मागच्या तारखेपासून कायम मात्र होऊ शकला नाही, त्याचं वय निघून गेलं होतं. कंत्राटावर मुख्य कीपर म्हणून घेतला. एवढं मी परत मिळवून देऊ शकलो. बाकीचं गेलं ते गेलं.

नव्या नकाशात जाड जाळी आहे आणि आतल्या बाजूने झुडपांची रांग. पहिले तीन महिने आवरण ठेवणं बंधनकारक आहे, आणि उद्घाटन त्याच्या नंतर. दहा काळविटं आली त्या दिवशी मी रस्त्याच्या बाजूला उभा होतो. महादू बाहेर आला.

"आत येऊ नगा. नवी जनावरं हायेत, अनोळखी मानूस नगं."

"मी अनोळखी?"

"त्यांना तुमी अनोळखीच की."

तो आत गेला. दहाच्या दहा जगली. तरसाच्या पिंजऱ्याचं काम आता सुरू झालंय, त्यातही आडोसा कुठे हवा हे महादूच सांगतो.

नव्या डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना माझं सांगणं थोडं आहे. ज्या माणसाबद्दल अहवाल लिहिलाय, तुमची सही होण्याआधी तो त्याला वाचून दाखवा. मोठ्याने. माझा पहिला अहवाल मी महादूसमोर दुसऱ्या ओळीपर्यंतही वाचू शकलो नसतो.