पडक्या घराचे दगड मी परत भिंतीत लावले

मंडळी, आज अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. का, तर आईसाठी दगडी खोली बांधतेय म्हणून.

भूकंपात आमचं घर पडलं, थोरली ताई त्याखाली गेली. तेव्हापासून गावात कुणी दगडी भिंत घालत नाही. मी त्याच पडक्या घराचे दगड ट्रॅक्टरनं आणले.

"पोरगी खाल्लेला दगड हाय त्यो!" काका भर रस्त्यात ओरडले. "लातूरला क्लासमधी शिकवतीस अन् एवढं कळंना?"

"काका, लाव्हा थिजून झालेला काळा दगड हाय ह्यो. सगळा मराठवाडा याच्यावरच उभा हाय, पळून जाणार कुठं? ताईला चिखलात रचलेल्या भिंतीनं अन् वरच्या जड मातीच्या माळवदानं मारलं. दगडाला कशाला शिव्या देता?"

यावेळी सिमेंट आहे, भिंतीत आरपार लांब दगड आहेत, सळईचे पट्टे आहेत, वर हलके पत्रे.

आई सकाळपासून माझ्याकडं आणि गवंड्याकडं पाठ करून बसली होती. दुपारी उठली आणि ढिगातून एक दगड काढला. त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकत होते.

"ही चुलीमागची चांदणी," ती मला म्हणाली. "तुझी ताई रोज पुसायची." मग गवंड्याकडं वळली, "दिसंल असा लाव रे."

लावला. दारासमोरच्याच भिंतीत.

मला वेडी म्हणणाऱ्यांनो, खुशाल घरी या. चहा माझ्याकडून. फक्त त्या भिंतीला पाठ टेकून प्यायचा. हाय का हिंमत?