विषय तिसऱ्यांदा परत आला तेव्हा
मशीनमधल्या टोमॅटो सूपचा वास आला की अजून तो दिवस आठवतो. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला शिकताना माझ्या थीसिसचा विषय तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा प्रोफेसरबाईंच्या खोलीत बाहेरच्या चहा-कॉफीच्या मशीनचा तोच वास भरला होता. ‘भारतातली पाणीटंचाई’ सोडून मी ‘मराठवाड्यातली पाणीटंचाई’वर आलो होतो, तरी त्या म्हणाल्या, “अजूनही फार मोठा आहे.” शुक्रवारी विषय ठरवायची मुदत संपत होती, वर्ष गेलं असतं तर घरी काय तोंड दाखवणार होतो? शेवटी गावाकडच्या कॉलेजात करायचो तसे हात जोडले, “मॅडम, तुम्हीच द्या ना एखादा विषय.” त्या गोंधळल्या. “पण तुला काय जाणून घ्यायचंय, ते मला कसं कळणार?” खाली सायकलपाशी येऊन रडतच आईला फोन लावला. पलीकडे हंड्यांचा नुसता गोंगाट. “टँकर आलाय रे, मग बोलते. आपल्या वस्तीचा नंबर शेवटी, पाणी उरतंय का बघते,” म्हणत तिनं फोन ठेवला. हा नंबर ठरवतं कोण? तेवढाच प्रश्न कागदावर लिहून मी परत वर गेलो, आणि विषय मंजूर झाला. आज तो प्रबंध माझ्या कपाटात आहे. पण त्या दिवशी आईला पाणी मिळालं का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.