डाव्या दांड्यावरची पट्टी

आत्या दुकानाचं शटर वर ढकलायची, भंगाराच्या डब्यातून पत्र्याचा एक तुकडा उचलायची आणि त्यावर बोटभर लांबीची वेल्डिंगची रेघ ओढायची. मग काळा मुखवटा कपाळावर सरकवून ती रेघ उजेडात धरायची, बघायची, आणि तुकडा परत डब्यात. चहा त्यानंतर. "हात उठलाय का बघते," म्हणायची. "मी उठले म्हणजे तो उठलाच असं नाही."

ती डावखुरी होती. तिच्या रेघेतल्या बारीक लाटा इतरांच्या उलट बाजूला झुकायच्या आणि शेवटी एक इवलासा आकडा वळायचा. एखाद्याचं अक्षर ओळखावं तशी तिची रेघ ओळखू यायची.

गॅरेज आजोबांनी काढलेलं. इंजिन माझे बाबा बघायचे, पत्रा आणि वेल्डिंग त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं: "माझ्याजवळ उभं राहायचं तर डोळ्यांवर काळी काच लागते. तयारीचा कुणी भेटलाच नाही."

तिच्या त्रेपन्नाव्या वर्षी जनावरांचा डॉक्टर आपली जुनी जीप घेऊन आला. ही जीप त्याच्या वडिलांची, तेही जनावरांचेच डॉक्टर. ओढ्यापलीकडच्या सात वस्त्यांवर चढणारी तेवढी एकच गाडी होती. अडलेली गाय असो की घोडी, तिथे पोचायचं ते याच जीपने.

"नापास झाली, आत्या." डॉक्टर स्टुलावर मटकन बसला. "गाड्यांच्या पासिंगला नवीन तपासनीस आलाय. टोकदार हातोडी घेऊन गाडीखाली शिरतो नि ठोकत सुटतो. सुतारपक्षी म्हणतात त्याला."

"मग? कुठे चोच मारली?"

"माझ्या पायाखाली. हातोडी आरपार गेली. मग डाव्या दांड्यावर मारली, तर तिथल्या जुन्या पट्टीची कड पापुद्र्यासारखी सुटली. म्हणाला, ही पट्टी ज्यानं मारली त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. बारा दिवसांची मुदत दिलीय. परत नापास झाली की थेट भंगारात."

बाबा हात पुसत बाहेर आले. "एवढं काय त्यात? जाड पट्टी मार, वरून डांबर फास. पक्षी आहे तो, देव नाही."

आत्याने जीप वर घेतली आणि पाठीवर झोपून खाली सरकली. गाडीचा कणा, म्हणजे चासी: पुढून मागेपर्यंत जाणारे दोन पोकळ पोलादी दांडे. डाव्या दांड्यावर डांबराचा जाड थर होता. ती पात्याने खरवडू लागली. काळे तुकडे तिच्या मानेवर, केसांत पडत होते. मग पात्याचा आवाज थांबला तो थांबलाच.

"आत्या?" मी वाकून पाहिलं.

ती बॅटरीच्या उजेडात एका रेघेकडे टक लावून बघत होती. लाटा उलट बाजूला झुकलेल्या, शेवटी इवलासा आकडा.

बाहेर येऊन तिने तोंड धुतलं आणि डॉक्टरसमोर उभी राहिली. "ती पट्टी मी मारलीय. तेवीस वर्षांची होते. आमचे वडील दवाखान्यात होते आणि ही माझी एकटीची पहिली चासी. गंज कापून काढायला हवा होता, मी झाकला. तुझ्या वडिलांनी पाठ थोपटली नि मी वर्षभर हवेत. आत ओल कोंडली गेली आणि गंज तीस वर्षं निवांत जेवत बसला."

डॉक्टर स्टुलावरून उठला. "आमच्या वडिलांनी कधी तक्रार नाही केली."

"दिसलंच नाही तर तक्रार कशाची करणार? फसवलं मी त्यांना. मुद्दाम नाही, पण फसवलं."

"आता ही दुसरीकडे नेऊ का?"

"नेऊन तर बघ," आत्या म्हणाली. "चाकं काढून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच चाकं काढली. बॅटरी, डिझेलची टाकी, सीटा, सगळं बाहेर. गाडी चार लोखंडी घोड्यांवर समतल बसवली. दारांच्या चौकटींत आडवे पाइप वेल्डिंगचे टाके मारून पक्के केले.

"आता हे कशाला?" बाबा करवादले. "दिवस मोजके आहेत."

"तळ कापला की अंग खचतं, दादा. मग दारं बसत नाहीत, आणि तू म्हणणार बहिणीनं बिघडवली."

"ते तर मी आताही म्हणतोय."

मग तिने कापायला घेतलं. खडूने खूण करायची, ग्राइंडर चालवायचा, हातोडीने वाजवून बघायचं. आवाज बद्द आला की खूण दोन बोटं पुढे. तळाचा पत्रा हातात येताना बिस्किटासारखा तुटत होता. डाव्या दांड्यात ओंजळभर चिखल निघाला, कुठल्या कुठल्या पावसाळ्यांचा. चौथ्या दिवशी चालकाच्या जागेवरून सरळ जमीन दिसत होती आणि दांड्याचा हातभर तुकडा गायब होता. डॉक्टर बघायला आला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हिच्यात उरलंय काय?"

"चांगलं तेवढं उरलंय," आत्या म्हणाली.

त्यानंतर भरायला सुरुवात. दांड्याच्या जाडीचंच पोलाद, टोकं तिरकी कापलेली, कारण सरळ उभ्या जोडावर दांडा मोडतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरून ती तिरपी मापं घ्यायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही जुळेपर्यंत एक टाकाही पक्का करायची नाही. एकदा माप दोन सूत चुकलं. तिने अख्ख्या दिवसाचं काम पुन्हा कापलं. बाबांनी कपाळावर हात मारला, पण दुपारी चहा त्यांनीच करून आणला, आणि नंतर न बोलता दोरीचं दुसरं टोक धरून बसले.

रेघा ती बोटभरच ओढायची. इथे एक, मग गार होईपर्यंत पार दुसऱ्या टोकाला एक, म्हणजे पोलाद तापून वाकडं होऊ नये. अकराव्या दिवशी चौकटीतले पाइप काढले आणि दार नुसतं ढकललं. खट्. एवढाच आवाज. बाबांनी दुसरंही ढकललं. खट्. मग त्यांनी उगाचच पहिलं उघडून पुन्हा लावलं.

"डांबर?" त्यांनी विचारलं.

"आधी त्याला बघू दे. आज काही झाकायचं नाही."

तपासणीच्या आवारात जीप उभी राहिली ती नव्या पत्र्याला नुसता तांबड्या रंगाचा एक हात दिलेली, जोड उघडे. सुतारपक्षी खाली शिरला. ठण्. ठण्. डॉक्टर नखं खात होता. उजवा दांडा झाला, तळ झाला, मग डावा. जोडाच्या अलीकडे, जोडावर, पलीकडे. सगळीकडे एकच स्वच्छ आवाज, घंटेसारखा. तो अर्धा तास खाली होता. बाहेर आला तेव्हा हातोडी खिशात होती.

"कुणाचं काम?"

"माझं," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही ज्याला समोर उभा करा म्हणाला होतात ना, तीही मीच."

तो तिच्याकडे बघत राहिला. "ती पट्टी?"

"तेविसाव्या वर्षी मारली. हे त्रेपन्नाव्या."

त्याने वहीवर शिक्का मारला. "मग पुढच्या तीस वर्षांनी पुन्हा आणा."

"आणीन की. तुमच्या चोचीला धार लावून ठेवा."

आवारातले ड्रायव्हर हसले, आणि सगळ्यात शेवटी सुतारपक्षीही. मग त्याने बाकीच्या गाडीवाल्यांना हाताने जवळ बोलावलं, "या, खाली वाकून बघा, काम कसं असतं ते." दहा-बारा जण जमिनीला गाल लावून बघत होते. आत्या उभी होती, हात मागे बांधून, लाल झालेली.

डॉक्टरने तिला परत गॅरेजवर सोडलंच नाही. ओढा ओलांडून सरळ वर नेलं, सातही वस्त्यांवर. तीस वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. दगडांवरून गाडी उसळत होती आणि ती पायाखालच्या तळावर टाच आपटून बघत होती, मोठ्याने हसत.

पुढची सहा वर्षं डॉक्टर दर वर्षी जीप धुऊन आणायचा आणि आत्या खाली शिरून प्रत्येक जोडावरून बोट फिरवायची. तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षीही शिरली, सगळे नको म्हणत असताना. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला:

"काही झालेलं नाही. जा घेऊन. पण आधी हात दे मला, उठवत नाहीये."