कुशीचा तक्ता

आमच्या वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नास्तिक. ड्यूटी सुरू होताना आम्ही सिस्टर्स प्रार्थना म्हणायचो, तेव्हा हे खुशाल चादरी मोजत बसायचे. आणि वर म्हणायचे, माणसाचा जीव पवित्र असतो. मला हसू यायचं. म्हटलं, मामा, देव मानत नाही, मग त्याचा शब्द कशाला उसना घेता? ते नुसते 'हं' म्हणायचे.

कोपऱ्यातल्या खाटेवर रस्त्यात सापडलेला एक म्हातारा तीन महिने बेशुद्ध पडून होता. नाव माहीत नाही, नातेवाईक नाहीत, म्हणून आम्ही त्याला पाहुणे म्हणायचो. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, खुब्याला जखमा होतात. बदलली की तक्त्यावर खूण करायची. खरं सांगते, आम्ही बहुतेकजणी ड्यूटीवर आल्याआल्याच सगळ्या खुणा करून मोकळ्या व्हायचो. चाळीस खाटा आणि दोघीजणी, कंबर मोडते हो. मामा मात्र आधी पाहुण्यांना वळवायचे, मगच खूण. एकदा मी वैतागून विचारलंच, तुम्हाला एवढी भीती कुणाची?

"देव असता तर त्याच्यावर सोपवून मीही जरा टेकलो असतो, सिस्टर. याला आपल्याशिवाय आहे कोण?"

एके दिवशी मामांना दुपारी दुसऱ्या वॉर्डात पाठवलं. जाताना दोनदा बजावून गेले, पाहुण्यांकडे बघा. बघते म्हटलं, आणि दोन वाजता आठपर्यंतच्या खुणा मारून टाकल्या. मग श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. साडेचारला पाहुणे गेले.

मामा पाचला धावत आले. तक्ता हातात घेतला. गेलेल्या माणसाची कूस सहाला बदललेली होती, आठलाही बदललेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तक्ता परत जागेवर अडकवला. दोघांनी मिळून पाहुण्यांना पुसायला घेतलं. पाठ अगदी स्वच्छ, तीन महिन्यांत साधा ओरखडा नाही. फक्त उजव्या खुब्यावर, बारापासून ज्या कुशीवर ते पडून होते तिथं, तळव्याएवढा लाल डाग.

मीच म्हटलं, "हा माझा."

त्यांनी मान हलवली आणि कपाटातून मलम आणून त्यावर हलक्या हातानं लावलं.