मुक्या मुलीचं घर

भोसरीच्या शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवते. मी धडा वाचायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलंही कान टवकारतात, असं सगळे म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

मग भूगोलाला एक तरुण बाई आल्या. मारुंजीहून स्कूटीवर यायच्या. मुलं मला 'बाई' म्हणायची, त्यांना 'मॅडम'. त्यांनी संगणकाच्या खोलीत मुलांकडून पडद्यावर एक गाव बांधून घ्यायला घेतलं. चौकोनी ठोकळ्यांची घरं, रस्ते, ओढा. पहिलं घर मॅडमनी स्वतःचं बांधलं. प्रत्येकानं आपलं घर उभारायचं, भिंतीवर चित्र लावायचं आणि स्वतःच्या आवाजात घराची गोष्ट भरायची. दारावर क्लिक केलं की ती ऐकू येणार. माझा तास संपायच्या आत मुलं दप्तरं आवरून बसू लागली.

"गेमच खेळतायत की!" मी शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. कुणी हसलं नाही.

एके दिवशी खडू शोधायचं निमित्त करून मी त्या खोलीत गेले. मॅडमनी हौसेनं हेडफोन माझ्या कानाला लावले. "हे ऐका ना, बाई."

आवाज ओळखीचा वाटेना. "हितं आमची म्हस बांधलेली आसायची. आता हितं कंपनीची भिंत हाय. म्हस इकली, तवा आई दोन दिस जेवली न्हाई."

दारावरचं नाव वाचलं तेव्हा कळलं, ही निघोजे गावची मुलगी. वडील इथल्या वर्कशॉपमध्ये लागले म्हणून भोसरीत भाड्याच्या खोलीत आलेली. दोन वर्षं माझ्या वर्गात होती. नाव विचारलं तरी मान खाली घालायची. मी किती गोंजारलं होतं तिला! आणि बोलली ती दुसरीकडे. मी हेडफोन काढून ठेवले.

"छान बोलते ना? मराठी तुम्हीच शिकवलीत हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चांगुलपणा मला आणखी झोंबला.

मधल्या सुट्टीत मी मुलीला गाठलं. "माझ्या तासाला का नाही गं बोललीस कधी?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बाई, तिथं कुणी तोंडाकडं बघत न्हाई. आन् चुकलं तर पुसता येतं."

मला राग धरता येईना, आणि सोडताही येईना. पुढच्या आठवड्यात मीच मॅडमना म्हणाले, "मलाही एक घर द्या."

माऊस त्या मुलीनंच धरला. मी माझ्या माहेरच्या अंगणाबद्दल बोलले. ती ऐकून अवघडली. "बाई, धडा वाचल्यावानी नका बोलू." मी पुसलं, पुन्हा बोलले. पुन्हा पुसलं. शेवटी एक जमलं, बरंचसं अडखळत.

काही दिवसांनी तिला विचारलं, "ऐकतात का गं मुलं माझं घर?"

"व्हय बाई, ऐकत्यात."

"आणि मॅडमचं?"

विचारायचं नव्हतं, तोंडातून निघूनच गेलं.